बर्फात फुलणारं विच हेझल: परसात पहिल्यांदाच झाड लावणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत घर घेतलेल्या बहुतेक मराठी घरांत डिसेंबर उजाडला की बाग 'संपते'. तुळस आत येते, कढीपत्त्याची कुंडी खिडकीपाशी सरकते आणि एप्रिलपर्यंत बॅकयार्डकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझंही तसंच होतं. मग एका फेब्रुवारीत, कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेताना, समोरच्या घराच्या कोपऱ्यावर एका निष्पर्ण झुडपावर पिवळं काहीतरी दिसलं. आधी वाटलं, प्लास्टिकची पिशवी फाटून अडकलीय. जवळ गेले तर फुलं होती. हळद लावलेल्या शेवया पेराएवढ्या मोडून फांदीला चिकटवाव्यात, तशी. खाली गुडघाभर बर्फ.

ते विच हेझल. आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर पानं झाडून उघड्या फांद्यांवर फुलतात, म्हणजे हा प्रकार आपल्याला अगदीच नवा नाही. पण ती मंडळी उन्हं तापायला लागल्यावर फुलतात. हे झाड ऐन गारठ्यात फुलतं. पारा फारच उतरला की पाकळ्या आत गुंडाळून घेतं आणि ऊन पडलं की पुन्हा सोडतं. ही गुंडाळी-उलगडणी चार-सहा आठवडे चालू राहते. इथे नव्याने घर घेतलेल्यांनी पहिलं मोठं झुडूप कोणतं लावावं, असं कुणी विचारलं की मी बिनदिक्कत याचंच नाव घेते.

खाली लिहिलंय ते मध्य न्यू जर्सीच्या अनुभवावरून, म्हणजे हार्डिनेस झोन (हिवाळ्यात थंडी किती पडते, त्यावरून केलेले पट्टे) ६बी–७ए. झोन ५ ते ८ मध्ये कुठेही, म्हणजे बोस्टनपासून व्हर्जिनियापर्यंत, थोडं पुढेमागे करून हेच चालेल. इंग्लंडमध्येही हे झाड छान येतं. पुण्या-मुंबईत मात्र प्रयत्न करू नका. त्याला हिवाळाभर खरी थंडी लागते, महाबळेश्वरचा गारवा पुरत नाही.

नावातली चेटकीण

नावामुळे घरातली थोरली माणसं बिचकतात. माझ्या सासूबाईंनी फोनवर पहिला प्रश्न केला, "चेटकिणीचं झाड दारात कशाला?" या 'विच'चा चेटकिणीशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत लवचीक, वाकणाऱ्या फांदीला जो शब्द होता, त्याचा हा अपभ्रंश. 'हेझल' आलं ते पानं हेझलनटच्या पानांसारखी दिसतात म्हणून. गंमत पुढे आहे. अमेरिकेत आलेले जुने वसाहतवाले याच झाडाची बेचकी हातात धरून जमिनीखालचं पाणी शोधत. गावाकडचा पाणाड्या उंबराची बेचकी घेऊन शेतात फिरतो, हुबेहूब तसं. पाणी लागतं की नाही हा वाद तिथेही मिटलेला नाही आणि इथेही नाही.

आणखी एक ओळख निघते. १८४६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या युटिका गावी थेरॉन पॉन्ड नावाच्या माणसाने याच झाडाचा अर्क बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. झाडाचे गुण इथल्या मूलनिवासी लोकांना आधीपासून ठाऊक होते. आईच्या आरशापुढची ती पॉन्ड्सची डबी त्याच नावाची पुढची पिढी. होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे 'हॅमामेलिस' लिहिलेली बाटली पाहिली असेल, तेही हेच. तुम्ही मात्र साल उकळून काढेबिढे करायच्या फंदात पडू नका. आपल्याला फुलं हवी आहेत.

आधी फेब्रुवारीत बघून या

नर्सरीत जायच्या आधी एक हिवाळा नुसता बघण्यात घालवा. कॅटलॉगमधल्या फोटोंत प्रत्येक फूल तळहाताएवढं दिसतं, प्रत्यक्षात ते लहान असतं. रंग लांबून कसा दिसतो आणि वास येतो का, हे झाडापाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ब्रॉन्क्समधलं न्यू यॉर्क बोटॅनिकल गार्डन गाठा. बोस्टनकडचे असाल तर आर्नल्ड आर्बोरेटम, म्हणजे झाडांचं संग्रहालयच, जिथे या झाडाचा एक प्रसिद्ध वाण जन्माला आला. जाताना दुपारची वेळ धरा. उन्हाने हवा जरा कोमट झाली की वास मोकळा होतो, सकाळच्या कडक थंडीत नाकाला काहीच लागत नाही.

एक चूक नवखे हमखास करतात. मार्चच्या शेवटी सगळ्या वस्तीत जे भडक पिवळं झुडूप फुलतं, ते विच हेझल नव्हे, ते फोर्सिथिया. ते फुललं तेव्हा विच हेझलची फुलं बहुधा गळायला लागलेली असतात.

जात निवडताना

मुख्य फरक फुलण्याच्या वेळेत आहे. तो समजला की अर्धं काम झालं.

इथलं रानटी विच हेझल, 'व्हर्जिनियाना', पूर्व अमेरिकेच्या जंगलांत मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलतं. म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमाराला. पानंही त्याच वेळी पिवळी होत असल्याने फुलं पटकन दिसत नाहीत, शोधावी लागतात. त्या थंड रात्रींत परागीभवन कोण करतं, हे कोडं बर्न्ड हाइनरिक या जीवशास्त्रज्ञाच्या कामातून उलगडलं: हिवाळी पतंग स्नायू थरथरवून स्वतःचं अंग तापवतात आणि मग उडतात. फळ मात्र पुढच्या वर्षीच्या शरदात पिकतं. त्यामुळे एकाच फांदीवर यंदाचं फूल आणि गेल्या वर्षीचं फळ शेजारी शेजारी दिसतं. हॅमामेलिस या झाडाच्या ग्रीक शास्त्रीय नावाचा अर्थही तोच, फूल नि फळ एकत्र.

'व्हर्नालिस' ही ओझार्क डोंगरांकडची, मिसुरी-आर्कान्साची. फुलं बारकी, वास जबरदस्त, आणि चिकण, ओलसर मातीशी ती इतरांपेक्षा जास्त जुळवून घेते. फुलते जानेवारी ते मार्च.

चीनची 'मॉलिस' १८७९ मध्ये चार्ल्स मेरीज या वनस्पती-संग्राहकाने इंग्लंडला आणली. तिथल्या नर्सरीत ती वीसेक वर्षं कुणाच्या नजरेत न भरता पडून होती. मग लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या क्युरेटरने ती ओळखली. वासात ती सगळ्यांच्या वरचढ. तिचा आणि जपानी 'जॅपोनिका'चा संकर म्हणजे 'इंटरमीडिया', आणि नर्सरीत बहुतेक जे मिळतं ते हेच. यातले चार वाण लक्षात ठेवा.

'आर्नल्ड प्रॉमिस' झगझगीत पिवळा आणि सुवासिक. १९२८ मध्ये आर्नल्ड आर्बोरेटममधल्या मॉलिसच्या बियांतून हा आला, बाजारात यायला १९६३ उजाडलं. 'पॅलिडा' लिंबासारखा फिकट पिवळा, वास गोड आणि लांबवर पसरणारा. 'येलेना' तांब्याच्या रंगाचा. बेल्जियममधल्या काल्म्टहाउट उद्यानाच्या येलेना द बेल्डर यांचं नाव त्याला दिलेलं आहे. त्यांच्या मुलीच्या नावाचा 'डायान' लाल, कुंकवात थोडी माती मिसळल्यासारखा. डायानला वास जवळजवळ नाही, पण शरदात पानं अशी पेटतात की फुलांची वाट बघायचं भान राहत नाही.

माझं ऐकाल तर पहिलं झाड पिवळंच घ्या. लाल आणि तांबूस वाण फोटोत देखणे दिसतात, पण फेब्रुवारीतल्या तपकिरी मातीपुढे वीस फुटांवरून ते विरून जातात. पिवळा रंग स्वयंपाकघरातूनही दिसतो.

जागा: इथेच बहुतेकांचं चुकतं

माझंही इथेच चुकलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिलं विच हेझल, डायान, मी गराजच्या मागे लावलं. तिथे जागा मोकळी होती, ऊन होतं, माती बरी होती. पुस्तकी दृष्टीने जागा उत्तम. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत गराजच्या मागे जातं कोण? तीन हिवाळे ते फुललं असेल, मी दोनदा पाहिलं. या दुर्लक्षातून पुढे जे झालं, ते कलमाच्या गोष्टीत येईलच.

म्हणून जागा ठरवायची ती अशी. हिवाळ्यात तुम्ही रोज कुठे उभे असता? भांडी घासताना सिंकसमोरच्या खिडकीपाशी. गाडीवरचा बर्फ खरवडताना ड्राइव्ह-वेवर. टपालपेटीकडे जाताना. या वाटांपैकी एकीच्या कडेला झाड आलं पाहिजे. खिडकीतून बघणार असाल तर झाड अशा बाजूला हवं की सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या मागून येईल. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, आणि ते ऊन पाकळ्यांतून आरपार आलं की झाड दिवा लावल्यासारखं उजळतं. मागे हॉलीसारखं सदाहरित झुडूप किंवा गडद रंगाचं कुंपण असेल तर आणखी चांगलं.

बाकी गरजा अशा: दिवसाकाठी निदान चार-पाच तास ऊन, भर दुपारी थोडी सावली चालते. घराच्या भिंतीपासून सात-आठ फूट लांब. वाढ संथ असली तरी पंधरा-वीस वर्षांत हे झुडूप बारा-पंधरा फूट उंच आणि तेवढंच रुंद होतं. आणि तळाशी पाणी साचता कामा नये. पाणी साचतं का, हे बघायची युक्ती सोपी आहे. फूटभर खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी उभं असेल तर जागा बदला.

माती आंबट लागते, सामू (पीएच) ६च्या आसपास किंवा थोडा खाली. लॉनवाल्याकडून दरवर्षी चुना टाकून घेत असाल तर झाडाभोवती टाकू नका म्हणून त्याला आधीच सांगा. रानटी गवत मारायचं औषध मिसळलेलं लॉनचं खतही झाडाच्या मुळांपासून लांब ठेवा. न्यू जर्सीवाल्यांसाठी रटगर्स विद्यापीठाची मातीपरीक्षण प्रयोगशाळा आहे, थोडी फी भरून नमुना पाठवता येतो. इतर राज्यांतही विद्यापीठांची अशी सोय बहुधा असतेच.

एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर त्यांचे नियम झाड आणायच्या आधी वाचा.

कलम ओळखा

नर्सरीतलं इंटरमीडिया हे जवळजवळ नेहमी कलम असतं. खाली खुंट व्हर्जिनियानाचा, वर फांदी आर्नल्ड प्रॉमिसची. ज्यांच्या घरी हापूसची बाग आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मला मात्र कोकणात वाढूनही लक्षात आलं नाही, याची लाज अजून वाटते.

गराजमागचं डायान तिसऱ्या उन्हाळ्यात एकदम जोमात आलं. बुंध्यातून सरळसोट, लांब फुटवे निघाले. मी खूश. चौथ्या वर्षी नोव्हेंबरात, गराजमागे पानं गोळा करायला गेले तर झाड फुललेलं. फेब्रुवारीत लाल फुलायचं ते नोव्हेंबरात पिवळं! वाटलं, हवामान बिघडलं. फोटो काढून बाबांना रत्नागिरीला पाठवला. त्यांनी विच हेझल जन्मात पाहिलेलं नाही. उत्तर दोन मिनिटांत आलं: "अगं, खुंट माजलाय. कलम मेलं."

तेच झालं होतं. खालच्या खुंटाच्या फुटव्यांनी सगळं पाणी-अन्न ओढून घेतलं आणि वरचं डायान वाळून गेलं. रोज नजरेसमोर असतं तर पहिल्याच फुटव्याला दिसलं असतं.

तेव्हा रोप घेताना बुंध्याशी कलमाचा सांधा कुठे आहे, हे बोटाने चाचपून बघा, थोडा फुगवटा किंवा वाक लागतो. घरी आणल्यावर त्या सांध्याच्या खालून किंवा जमिनीतून जे काही फुटेल ते लगेच काढायचं. कात्रीने कापण्यापेक्षा कोवळं असताना हाताने खाली ओढून मुळापासून उपटलं तर पुन्हा फुटण्याची शक्यता कमी होते. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, गुडघ्यावर बसून बुंधा तपासा. शंका आली तर हिवाळ्यापर्यंत थांबून फुलांची वेळ बघा. फसवणूक तिथेच उघडी पडते.

रोप शक्यतो फुलात असताना विकत घ्या, म्हणजे चिठ्ठीवर एक आणि फांदीवर दुसरंच, असं होत नाही. कलम वेळखाऊ काम असल्याने किंमत जास्त असते. स्वस्तातलं मोठं झाड दिसलं तर ते रानटी आहे का, हे विचारून घ्या. रानटी असलं तरी वाईट नाही, फक्त तुम्ही काय घेताय ते माहीत हवं.

लावणी

वेळ: सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरअखेर सगळ्यात चांगली. जमीन अजून कोमट असते, ऊन उतरलेलं असतं, मुळं पुढचे काही आठवडे काम करत राहतात. फेब्रुवारीत फुलातलं रोप आणलं असेल तर ते आडोशाला ठेवून एप्रिलमध्ये लावा.

खणायच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करा. हे फुकट असतं. गॅस, वीज, केबल कुठून गेलीय त्याच्या खुणा रंगाने जमिनीवर करून जातात. एका झुडपाच्या खड्ड्याला काय होतंय, असं म्हणू नका.

खड्डा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद करा, पण खोल कुंडीएवढाच. आपल्याला खोल खड्डा करून तळाशी शेणखत भरायची सवय असते. इथल्या चिकण मातीत ते अंगलट येतं: भुसभुशीत खत बसतं, झाड खचतं आणि बुंधा पाण्यात राहतो. रोप कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल फिरलेली असतील तर चाकूने दोन-तीन उभे चरे देऊन मोकळी करा. बुंधा खाली जिथे रुंद होतो तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. माती जड असेल तर इंचभर उंचच बसवा. निघालेली मातीच परत भरा, हवं तर घमेलंभर कंपोस्ट वरून पसरा.

मग आळं करा, अगदी घरी नारळाला करतो तसं. भरपूर पाणी द्या. वर दोन-तीन इंच लाकडाच्या भुश्श्याचं किंवा पानांचं आच्छादन घाला, पण बुंध्यापासून वितभर लांब. इथले बागकामवाले झाडाच्या बुंध्याशी आच्छादनाचा डोंगर रचतात, वस्तीत पावलोपावली दिसेल. तसं करू नका, साल कुजते.

स्नोड्रॉप, विंटर एकोनाइट यांचे कंद लावायचे असतील तर ते याच वेळी झाडाभोवती पेरून टाका. विच हेझलची मुळं उथळ असतात, नंतर तिथे खुरपं चालवलेलं त्यांना सोसत नाही. ही दोन्ही फुलं विच हेझलबरोबरच येतात आणि हरणं त्यांना तोंड लावत नाहीत. क्रोकसही सुंदर, पण त्याचे कंद खारी उकरून खातात, माझे दोन वर्षं खाल्ले. मुलं लहान असतील तर यातले बरेच कंद विषारी आहेत एवढं ध्यानात ठेवा.

पहिली दोन वर्षं पाणी

हे झाड मरतं ते बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या जुलै-ऑगस्टमध्ये, तहानेने. आपल्या डोक्यात आषाढ-श्रावण म्हणजे पावसाळा पक्का बसलेला असतो. इथे तेच महिने झाडाला जड जातात. लॉनचे स्प्रिंकलर रोज दहा मिनिटं शिंपडतात त्याने गवत हिरवं राहतं, झुडपाच्या मुळांपर्यंत काही पोचत नाही.

माझी पद्धत: पाच गॅलनची, म्हणजे एकोणीसेक लिटरची प्लास्टिकची बादली, बुडाला खिळ्याने एक बारीक भोक. आठवड्यातून एकदा भरून बुंध्याशेजारी ठेवायची, थेंब थेंब करत तासाभरात रिकामी होते. पारा ९० फॅरनहाइटच्या वर गेला आणि आठवडाभर पाऊस नसेल तर दोनदा. पानांच्या कडा करपल्यासारख्या तपकिरी झाल्या तर पाणी कमी पडतंय. आणखी एक कारण आहे. पुढच्या फेब्रुवारीची फुलं ज्या कळ्यांतून येणार, त्या याच उन्हाळ्यात फांदीवर बसतात. भारतात जायचं असेल तर शेजाऱ्याला बादली दाखवून जा.

छाटणी पाडव्याला

फुलं संपली आणि पानं अजून आली नाहीत, तो काळ मार्चअखेर ते एप्रिल, म्हणजे गुढीपाडव्याच्या आगेमागे. कात्री लावायची असेल तर तेव्हाच. ऑक्टोबरमध्ये 'साफसफाई' म्हणून छाटलंत तर पुढच्या सगळ्या कळ्या कचऱ्यात जातात. बाग बघायला माणूस ठेवला असेल तर त्याला हे झाड गोल चेंडूसारखं कापायची सक्त मनाई करा.

खरं तर याला छाटणी फारशी लागतच नाही. वाळलेलं, एकमेकांवर घासणारं, वाटेत येणारं तेवढंच काढा. फांद्या आडव्या, ऐसपैस पसरतात, त्यातच याची ऐट आहे.

तक्रारी, खऱ्या आणि खोट्या

पानांवर लाल, टोकदार, टोपीसारखे फोड दिसले तर घाबरू नका. एक मावा असतो, त्याची पिल्लं या फोडांत राहतात, आयुष्याचा दुसरा भाग बर्चच्या झाडावर काढतात. झाडाला काही होत नाही. चेटकिणीच्या टोपीसारखे दिसतात म्हणून माझ्या मुलाला मात्र ते फार आवडतात.

हरणं हा खरा त्रास आहे. कोवळे शेंडे खातात, आणि शरदात नर हरणं शिंगं घासून साल सोलतात. पहिली चार-पाच वर्षं झाडाभोवती जाळीचा पिंजरा हवाच, पाच फूट उंच. बुंध्याशी सशांसाठी बारीक जाळी. पिंजरा दिसायला वाईट दिसतो, पण सोललेल्या सालीपेक्षा बरा.

कोवळी कलमं कधीकधी वाळकी पानं सोडत नाहीत. फेब्रुवारीत फुलं आणि त्यावर तपकिरी चिंध्या, असं रूप होतं. जानेवारीत एखाद्या उन्हाच्या दुपारी हाताने काढून टाका. वय वाढलं की ही खोड बहुधा कमी होते.

एक वही ठेवा

आपले सहा ऋतू इथे बसवायला गेलं की गोंधळ होतो. त्यापेक्षा स्वतःच्या अंगणाचं पंचांग करा. जाड वही, दर आठवड्याला दोन ओळी: पहिली पाकळी कधी बाहेर आली, स्नोड्रॉप कधी, फोर्सिथिया कधी, पहिलं पान, पहिला दंव. माझ्या वहीत आर्नल्ड प्रॉमिसची पहिली पाकळी एका वर्षी जानेवारीच्या शेवटी आहे आणि दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी अर्धा उलटल्यावर. अशा चार-पाच नोंदी झाल्या की शेजारचे 'यंदा लवकर आलं की हो' म्हणतात तेव्हा तुम्ही तारीख सांगू शकता.

संक्रांतीच्या सुमाराला कळ्या फुगलेल्या दिसल्या की दोन-तीन डहाळ्या कापून आत आणा, कोमट पाण्याच्या बरणीत ठेवा. घरातल्या उबेने काही दिवसांत उमलतात. आमच्या हळदीकुंकवाला तिळगुळाच्या ताटाशेजारी गेली काही वर्षं हीच बरणी असते. बायका वाण नंतर घेतात, आधी झाडाचं नाव विचारतात. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि मैत्रिणीकडे झाड असेल तर तिच्याकडे एवढी डहाळी मागायला हरकत नाही. कुंडीत हे झाड फार वर्षं टिकत नाही, कडक थंडीत मुळंच गोठतात.

आता दुसरं विच हेझल, आर्नल्ड प्रॉमिस, सिंकसमोरच्या खिडकीबाहेर आहे. गराजमागचा माजलेला खुंट मात्र मी काढला नाही. काहीही न मागता तो दरवर्षी दिवाळीत फुलतो, आणि त्याच सुमाराला त्याची गेल्या वर्षीची बोंडं पिकतात. ती तडकली की आतल्या दोन चकचकीत काळ्या बिया तीस फुटांपर्यंत उडतात. तेरड्याच्या शेंगा फोडल्या असतील त्यांना खेळ माहीत आहे, हा फक्त दांडगा तेरडा. पहिल्या वर्षी मी बोंडांची एक डहाळी शोभेला म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. रात्री दोन वाजता खालून टक्, टक्, टक्. नवरा उंदीर समजून टॉर्च आणि झाडू घेऊन जिना उतरला. सकाळी चार बिया फ्रिजखाली सापडल्या, एक देव्हाऱ्यात. तुम्ही आणलीत तर कागदाच्या पिशवीत ठेवा.